अपग्रेडनंतर स्क्रीन काळी? लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर रुळावर आणण्याची पद्धत

अपग्रेड झाला, मशीन रीस्टार्ट झालं आणि पुढे काळी स्क्रीन. किंवा लॉगिन येतं, पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनच येतं. किंवा सगळं दिसतं, पण अक्षरं फुगलेली, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, दुसरा मॉनिटर गायब आणि लॅपटॉपचा पंखा सारखा घोंगावतोय. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आधी पेन ड्राइव्हकडे जातो: सगळं पुसू आणि नव्याने टाकू. तसं करू नका. या तक्रारींत तुमच्या फाइली जागच्या जागी असतात आणि बहुतेक वेळा सिस्टिमही धडधाकट असते. तुटलेला असतो तो कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्यातला दुवा, आणि तो नेमका कुठे तुटलाय हे मशीन स्वतःच सांगतं. फक्त विचारावं लागतं.

पुण्यात हे प्रश्न घेऊन येणारे लोक साधारण ठरलेले असतात. कर्वेनगर-कोथरूडच्या खोल्यांत राहणारी इंजिनिअरिंगची मुलं, ज्यांच्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतात. ब्लेंडरवर किंवा व्हिडिओ एडिटिंगवर पोट असणारे. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी जुना डेस्कटॉप घेऊन त्यावर मिंट टाकलेले. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. उदाहरणं उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या दोन प्रकारांची आहेत. फेडोरा आणि आर्च या प्रकारांचं जिथे वेगळं आहे ते शेवटाकडे, डेबियनचं एएमडीच्या भागात.

कमांड इथे देवनागरीत, आपण फोनवरून एकमेकांना सांगतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, सगळी अक्षरं लहान. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'सुडो' म्हणजे एस यू डी ओ आणि 'ॲप्ट' म्हणजे ए पी टी, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं जमतं.

तुटतं काय

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. कर्नल बदलला की तेही सोबत बदलतात, म्हणून तिथे भांडण कमी. एनव्हिडियाचं तसं नाही. त्यांचा ड्रायव्हर बाहेरून येतो आणि प्रत्येक कर्नलच्या मापाने नव्याने शिवावा लागतो. हे काम 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा पडद्यामागे करते. नवा कर्नल आला की ती त्याच्या हेडर फाइली (बांधणीला लागणारी कर्नलची माहिती) घेते आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा बांधते. हेडर नसले, कंपायलर जुळला नाही किंवा ड्रायव्हरच नव्या कर्नलच्या मानाने फार जुना असला, तर बांधणी अर्धवट राहते. तरीही मशीन त्याच नव्या कर्नलवर सुरू होतं, आणि ड्रायव्हर नसतो.

यासाठी नवी आवृत्तीच टाकायला हवी असंही नाही. उबुंटू २४.०४ सुरुवातीला ६.८ कर्नल घेऊन आलं. त्याच २४.०४ च्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, ६.१४ कर्नल आला. नेहमीच्या अपडेटमधून कर्नल असा पुढे सरकतो. म्हणून "मी तर अपग्रेड केलाच नाही" असं कोणी म्हणालं तरी कर्नलचा आकडा आधी पाहावा. 'युनेम -आर' ही कमांड तो दाखवते. स्पेलिंग यू एन ए एम ई.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढला नाही तर 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर कार्ड हातात घेतो. तो २०१० पासून कर्नलचा भाग आहे. तोही नसेल तर 'एलएलव्हीएमपाइप' येतो, म्हणजे ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरवर. पंखा घोंगावतो तो यामुळे.

पायरी १: स्क्रीन नसली तरी आत शिरा

काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. बऱ्याचदा काळ्या पडद्यावर साधं अक्षरी लॉगिन येतं. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप होताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. आत गेलात तर निम्मं काम झालं.

नाही गेलात, तर मशीन बंद करून चालू करा आणि सुरू होताना ग्रबचा (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू मिळवा. नव्या मशीनवर एस्केप, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. एस्केप एकदाच दाबा. दोन-तीनदा दाबलंत तर 'ग्रब' असं लिहून फक्त कर्सर दिसेल. घाबरू नका, 'रिबूट' टाइप करून एंटर द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये आधीचा कर्नल सापडतो. तो निवडा. जुन्या कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर अजून जागेवर असेल तर सगळं पूर्वीसारखं दिसेल. इथे दोन गोष्टी कळतात: कार्ड चांगलं आहे, आणि दुखणं नव्या कर्नलसाठीच्या बांधणीत आहे. काम अडलं असेल तर चार दिवस जुन्या कर्नलवर काढायला हरकत नाही. प्रोजेक्टची तारीख उद्यावर असताना दुरुस्तीला बसू नये असं माझं मत आहे.

जुना कर्नलही चालेना, तर मेन्यूत पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा, एन ओ एम ओ डी ई एस ई टी, आणि एफ१० दाबा. कमी रिझोल्यूशनवर का होईना, स्क्रीन येईल. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो आणि तेवढाच असावा. त्याचं कारण एएमडीच्या भागात येईल.

इंटरनेट लागणार आहे. हॉस्टेलचं वायफाय अक्षरी स्क्रीनवरून जोडणं कटकटीचं असतं. 'एनएमटीयूआय' ही कमांड त्यासाठी आहे. पण सर्वांत सोपं म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यातलं यूएसबी टेथरिंग चालू करणं. लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क समजून आपोआप उचलतं.

पायरी २: हात लावण्याआधी पाहा

इथे कोणी घाई केली की पुढचे दोन तास वाया जातात. कुठून तरी उचललेल्या कमांड चिकटवण्याआधी पुढच्या तपासण्या करा आणि प्रत्येक उत्तराचा फोनवर फोटो काढून ठेवा. उद्या कोणाची मदत घ्यायची झाली तर तो माणूस आधी हेच विचारेल.

पहिली, 'एलएसपीसीआय -के'. यादी लांब येते. त्यात 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर' किंवा '३डी कंट्रोलर' असं लिहिलेल्या ओळी शोधा. ओळीत कार्डाचं नाव असतं आणि त्याच्याआधी चिपचा कोड, उदाहरणार्थ जीके२०८. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या शब्दांपुढे सध्या कोण काम करतंय ते असतं: एनव्हिडिया, नूव्हो, एएमडीजीपीयू (एएमडीचा), आय९१५ (इंटेलचा). ती ओळच नसेल तर कार्डाला कोणीच वाली नाही. चिपचा कोड कागदावर लिहून घ्या, पुढे तोच कामाला येतो.

दुसरी, 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन'. त्यात नोमोडसेट दिसतंय का, एवढंच पाहायचं.

तिसरी, 'डीएफ -एच'. मुख्य डिस्क किंवा 'बूट' पार्टिशन शंभर टक्के भरलंय का ते कळतं. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचं पार्टिशन वेगळं आणि छोटं असतं, आणि जुने कर्नल साठून ते भरतं. मग नव्या कर्नलची सुरुवातीची फाइल अर्धवट लिहिली जाते आणि दोष मात्र ड्रायव्हरवर जातो. 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' जुने कर्नल काढून जागा करतं.

एनव्हिडिया असेल तर चौथी, आणि सगळ्यांत उपयोगी: 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया'. ही कमांड ड्रायव्हरला आत्ता चढ म्हणून सांगते आणि तो का चढत नाही ते एका ओळीत कळतं.

काहीच न बोलता कमांड संपली, तर ड्रायव्हर चढला. दुखणं दुसरीकडे आहे, बहुधा वेलँडमध्ये (डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) किंवा जुन्या सेटिंगमध्ये. 'मॉड्यूल एनव्हिडिया नॉट फाउंड' आलं, तर या कर्नलसाठी बांधणीच झालेली नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं, तर सिक्युअर बूटने (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी बायोसमधली सोय) अडवलंय. 'नो सच डिव्हाइस' आलं, तर कार्ड आणि ड्रायव्हरची शाखा (आवृत्त्यांची मालिका) जुळत नाही, किंवा नूव्होने कार्ड आधीच धरून ठेवलंय. या शेवटच्या वेळी 'सुडो डीमेसेज' करून, स्पेलिंग डी एम ई एस जी, 'एनव्हीआरएम' ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. ड्रायव्हर तिथे सरळ लिहितो की हे कार्ड ४७० च्या जुन्या शाखेतून चालतं, किंवा याला ओपन मॉड्यूल चालत नाही. एवढं स्पष्ट उत्तर समोर असताना अंदाजाने आवृत्त्या बदलत बसायचं कारण नाही.

आणखी एक संदेश नेहमी दिसतो. 'एनव्हिडिया-एसएमआय' दिल्यावर 'ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आलं, तर आधी फक्त रीस्टार्ट करा. अपडेटने फाइली बदलल्या, पण मेमरीत जुनं मॉड्यूल बसलंय, एवढंच असतं. रीस्टार्टनंतरही तोच संदेश आला तर दोन ठिकाणांहून आलेली पॅकेजेस एकमेकांत मिसळली आहेत.

पायरी ३: अर्धवट राहिलेला अपग्रेड आधी पूर्ण करा

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते, आणि गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठीही जाते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि अपग्रेड मध्येच तुटला असेल, तर ड्रायव्हरकडे वळण्याआधी हे करा: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', मग 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड'. शेवटची कमांड काय काय काढणार आहे ती यादी वाचल्याशिवाय हो म्हणू नका. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं आणि पुढचं काही करावं लागत नाही.

पायरी ४: एनव्हिडियाची योग्य शाखा

चिपचा कोड इथे लागतो, कारण एनव्हिडिया जुनी कार्डं टप्प्याटप्प्याने नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकते. डब्यावरच्या नावापेक्षा कोडची पहिली दोन अक्षरं खरी.

जीएफ असेल तर पिढी फर्मी. तिची ३९० ची शाखा, आणि तिला कंपनीने २०२२ अखेर आधार देणं थांबवलं. नव्या कर्नलवर तिच्यामागे लागू नका, नूव्हो वापरा. जीके म्हणजे केप्लर. शाखा ४७०, तिचा आधार २०२४ मध्ये संपला. उबुंटू २४.०४ मध्ये ती अजून मिळते. जीएम आणि जीपी म्हणजे मॅक्सवेल आणि पास्कल. यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा, ५९० पासून ती कार्डं वगळली आहेत. जीटीएक्स १०५०, १०६० ही पास्कलमधली. लॅपटॉपमधले एमएक्स १३०, एमएक्स १५०, एमएक्स २५० हेही याच दोन पिढ्यांतले, आणि पुण्याच्या कॉलेजांत असे लॅपटॉप भरपूर आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा. टीयू, जीए, एडी म्हणजे ट्युरिंग आणि त्यापुढचे. यांना सगळे चालू ड्रायव्हर चालतात. जीबी म्हणजे ब्लॅकवेल, आरटीएक्स ५० ची मालिका.

आता 'ओपन' हा शब्द. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला आणि तेव्हापासून पॅकेजच्या नावात शेवटी कधी 'ओपन' असतं, कधी नसतं. ट्युरिंगपासून पुढे ओपन चालतं. ब्लॅकवेलला ओपनच लागतं, दुसरं चालतच नाही. पास्कल आणि त्याआधीच्यांना ओपन अजिबात चालत नाही, कारण त्या मॉड्यूलला लागणारा जीएसपी हा छोटा प्रोसेसर त्या कार्डांत नाही. 'नो सच डिव्हाइस' ची तक्रार अनेकदा इथूनच उगवते: जीटीएक्स १०५० वर कोणीतरी ओपनवालं पॅकेज टाकलेलं असतं.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतला डेस्कटॉप डोळ्यांसमोर आणा, असे पुष्कळ आहेत. जीटी ७१० कार्ड, मिंटचा अपग्रेड, रीस्टार्ट, काळी स्क्रीन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने आत शिरून एलएसपीसीआय पाहिलं: चिप जीके२०८, ड्रायव्हरची ओळ रिकामी. मॉडप्रोब दिलं: नो सच डिव्हाइस. डीमेसेजमध्ये एनव्हीआरएमची ओळ: हे कार्ड ४७० च्या शाखेत आहे. बसवलेला ड्रायव्हर त्याहून नवा. या मशीनवर पीडीएफ वाचणं, व्हिडिओ लेक्चर पाहणं आणि टाइपिंग एवढंच चालतं, म्हणून माझा सल्ला ४७० बसवण्याचाही नसेल. एनव्हिडिया काढून नूव्होवर राहावं. वेग थोडा कमी, पण पुढच्या कोणत्याही कर्नल अपडेटला डोकेदुखी नाही.

ज्यांना एनव्हिडिया हवाच, त्यांनी उबुंटूवर 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स लिस्ट' द्यावं. तुमच्या कार्डाला चालणाऱ्या आवृत्त्यांचीच यादी येते. मग 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल'. डेस्कटॉप दिसत असेल तर उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' हेच काम माउसने करतात, आणि नवख्यांनी तेच वापरावं. नूव्होवर परत जायचं असेल तर तिथेच तो पर्याय निवडून ॲप्लाय करायचं.

मॉड्यूल सापडत नसेल आणि डीकेएमएस वापरात असेल, तर 'डीकेएमएस स्टेटस' पाहा. तुमच्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर हेडर बसवा: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-' आणि त्याला जोडून युनेमने दाखवलेला पूर्ण आकडा. मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'. बांधणी पुन्हा फसली तर /व्हीएआर/एलआयबी/डीकेएमएस या फोल्डरात ड्रायव्हरच्या नावाखाली 'मेक.लॉग' फाइल असते. तिच्यात 'एरर' शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ महत्त्वाची, शेवटची नाही.

एनव्हिडियाच्या साइटवरून 'रन' फाइल उतरवून बसवलेले ड्रायव्हर हे अपग्रेडनंतरच्या भांडणांचं मोठं मूळ आहे. पॅकेज यंत्रणेला त्यांचा पत्ताच नसतो, त्यामुळे दोन ड्रायव्हर एकमेकांच्या फाइलींवर लिहितात. तसं केलं असेल तर 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' करून ते आधी काढा. कूडाची (एनव्हिडिया कार्डावर गणितं चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचं भांडार, जोडलेल्यांचंही असंच होतं. उबुंटूचा आवृत्ती-अपग्रेड बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी बंद करतो, मग काही पॅकेजेस जुनी, काही नवी अशी अवस्था येते. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: पिपने बसवलेलं पायटॉर्च स्वतःसोबत कूडाच्या लायब्ररी घेऊनच येतं. त्याला सिस्टिमवर फक्त चालता ड्रायव्हर लागतो. पूर्ण कूडा टूलकिट बसवण्याची बहुतेक विद्यार्थ्यांना गरज नसते, आणि ते नसेल तर अपग्रेडची अर्धी भांडणं होतच नाहीत.

सिक्युअर बूट: निळ्या पडद्याला घाबरू नका

लोक सर्वांत जास्त इथे चुकतात, कारण संधी जेमतेम १० सेकंदांची असते.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. बायोस अपडेटनंतर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' ही कमांड, एम ओ के यू टी आय एल, स्थिती सांगते. उबुंटूची तयार, आधीच सही केलेली मॉड्यूलं वापरलीत, म्हणजे उबुंटू-ड्रायव्हर्सने बसवलंत, तर सहसा हा प्रश्नच येत नाही. डीकेएमएसने तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर मात्र तुमच्या मशीनची किल्ली लागते आणि ती किल्ली एकदा नोंदवावी लागते.

'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' द्या. ८ ते १६ अक्षरांचा पासवर्ड विचारेल. हा तात्पुरता असतो, एकदाच लागतो. फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचा असतो आणि चिन्हं इकडची तिकडे होऊ शकतात. रीस्टार्ट करा आणि स्क्रीनसमोरून हलू नका. निळा पडदा येतो, त्यावर कोणतीही की दाबा असं लिहिलेलं असतं आणि आकडा उलटा मोजत जातो. तेवढ्यात की दाबली नाही तर मशीन नेहमीसारखं सुरू होतं, किल्ली नोंदली जात नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

की दाबल्यावर मेन्यू येतो. पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट', तो नको. बाणाने खाली जाऊन 'एनरोल मोक' निवडा. मग 'व्ह्यू की' आणि 'कंटिन्यू' येतील, त्यात 'कंटिन्यू'. मग खात्री विचारेल, 'येस'. मग पासवर्ड, टाइप करताना काही दिसणार नाही. शेवटी 'रीबूट'. पुन्हा आत आलात की मॉडप्रोब देऊन पाहा.

सिक्युअर बूट बायोसमधून सरळ बंद करणं हाही मार्ग आहे, आणि घरच्या डेस्कटॉपवर मला त्यात वावगं वाटत नाही. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर थांबा. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते आणि सिक्युअर बूट बदललं की ती रिकव्हरी की मागते. ती की हाताशी आहे याची खात्री झाल्याशिवाय बायोसला हात लावू नका.

एएमडी आणि इंटेल

इथे नवा ड्रायव्हर बसवण्याचा प्रयत्नच करू नका. तो आधीच आहे. 'जीएलएक्सइन्फो -बी' द्या, यातलं बी मोठं, आणि कमांड नसेल तर 'मेसा-युटिल्स' पॅकेज बसवा. 'रेंडरर' पुढे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर प्रोसेसर राबतोय. याचं नेहमीचं कारण नोमोडसेट. कधीतरी कोणाच्या सांगण्यावरून ते ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहिलं गेलं आणि तिथेच राहिलं. ते नूव्होप्रमाणे एएमडी आणि इंटेलच्या ड्रायव्हरलाही थोपवतं. 'सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' उघडा, शब्द काढा, सेव्ह करा, 'सुडो अपडेट-ग्रब' द्या, रीस्टार्ट.

दुसरं कारण फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. 'जर्नलसीटीएल -के -बी' मध्ये एएमडीजीपीयूच्या ओळींत 'फर्मवेअर' आणि 'फेल्ड' एकत्र दिसले तर 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज अद्ययावत करा. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा वेगळा विभाग आहे, 'नॉन-फ्री-फर्मवेअर'. डेबियन ११ वरून वर आलेल्यांच्या सोर्सेसच्या यादीत तो अनेकदा नसतो. तो जोडावा लागतो.

तिसरं, बाहेरच्या पीपीएमधून (उबुंटूबाहेरच्या पॅकेज भांडारातून) घेतलेली मेसा, म्हणजे ग्राफिक्सची लायब्ररी. ती 'पीपीए-पर्ज' ने मूळ आवृत्तीवर आणा. आणि आरओसीएमसाठी (एएमडीचं कूडासारखं सॉफ्टवेअर) एएमडीचा स्वतंत्र इन्स्टॉलर वापरला असेल तर त्याचं डीकेएमएस मॉड्यूल नव्या कर्नलवर फसू शकतं. 'सुडो एएमडीजीपीयू-इन्स्टॉल --अनइन्स्टॉल' करून कर्नलच्या मूळ ड्रायव्हरवर या, मग नव्या कर्नलला चालणारी आवृत्ती बघून पुन्हा बसवा.

लॉगिनचा फेरा, दुसरा मॉनिटर, वेलँड

पासवर्डनंतर पुन्हा लॉगिनच येत असेल तर दोष ड्रायव्हरचा आहे असं धरून चालू नका. होमची, म्हणजे तुमच्या फाइलींच्या फोल्डरची, डिस्क भरली तरी असंच होतं. अक्षरी स्क्रीनवरून 'सुडो ॲडयूजर' ने नवा युजर तयार करा, ॲड आणि यूजर जोडून, आणि त्याने लॉगिन करून पाहा. तो आत गेला तर ड्रायव्हर ठीक आहे, तुमच्या होममधल्या एखाद्या सेटिंगची अडचण आहे.

एक्सऑर्गची (वेलँडच्या आधीपासूनची पडद्याची यंत्रणा) जुनी फाइल हाही नेहमीचा गुन्हेगार. 'सुडो एमव्ही /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ' आणि पुढे नवं नाव देऊन ती बाजूला करा; एक्स११ मधला एक्स मोठा. आजच्या मशीनना ही फाइल बहुधा लागतच नाही.

लॉगिन स्क्रीनवर नाव निवडल्यावर खाली उजवीकडे चक्र दिसतं, त्यातून वेलँडऐवजी एक्सऑर्ग निवडून पाहता येतं. उबुंटू २५.१० पासून नोम या उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपला हा पर्याय उरलेला नाही, तिथे वेलँडच.

दोन कार्डांच्या लॅपटॉपवर 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' देऊन कोणतं कार्ड निवडलंय ते पाहा. एनव्हिडिया तुटलंय आणि संध्याकाळी असाइनमेंट द्यायची आहे, तर 'सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल' करून रीस्टार्ट करा आणि काम उरका. एचडीएमआयचा बाहेरचा मॉनिटर मात्र बऱ्याच लॅपटॉपवर एनव्हिडियालाच जोडलेला असतो. तो इंटेलवर दिसला नाही तर मॉनिटर बिघडला असं समजू नका.

फेडोरा आणि आर्च

फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रिपॉझिटरीचा ड्रायव्हर 'एकेमॉड्स' ही डीकेएमएससारखी यंत्रणा बांधते. नवा कर्नल बसल्याबरोबर लगेच रीस्टार्ट केलंत तर बांधणी अर्धीच राहते. पाचेक मिनिटं थांबा, 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' द्या, एफ मोठं. आवृत्तीचा आकडा आला की रीस्टार्ट करा. आर्चवर अपडेटआधी बातम्या वाचायची सवय लावा: डिसेंबर २०२५ मध्ये तिथला मुख्य एनव्हिडिया ड्रायव्हर ५९० वर गेला आणि पास्कलवाल्यांना एयूआरमधल्या (वापरकर्त्यांनी चालवलेलं पॅकेज भांडार) ५८० च्या पॅकेजकडे वळावं लागलं. तिथे 'लिनक्स-एलटीएस' (दीर्घकाळ आधार मिळणारा) कर्नल आणि त्याचे हेडर सोबत ठेवलेत तर अडचणीच्या दिवशी मशीन तरी सुरू होतं.

पुढच्या अपग्रेडच्या आदल्या दिवशी

टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट (सिस्टिमची प्रत) घ्या. चिपचा कोड आणि सध्याच्या ड्रायव्हरचा आकडा लिहून ठेवा. रन फाइल, जादा पीपीए, कूडाची रिपॉझिटरी काढून टाका. जुना चालता कर्नल पुसू नका. लॅपटॉप चार्जिंगला लावा, डेस्कटॉप यूपीएसवर. आणि एलटीएसवर असाल तर पहिली सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबा; उबुंटू स्वतःही जुन्या एलटीएसला पुढचा अपग्रेड तेव्हाच सुचवतं.

कार्डच बदलायचा विचार असेल आणि बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाणार असाल, तर दुकानदाराला फक्त "२ जीबीचं कार्ड" असं सांगू नका. जीटी ७३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपची कार्डं विकली गेली आहेत, आणि लिनक्सवर दोन्ही आता मागे पडली आहेत. जीटीएक्स १६५० पासून पुढचं एनव्हिडिया, किंवा आरएक्स मालिकेतलं एएमडी मागा. जुनं कार्ड घेत असाल तर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात ठेवा, दुकानातल्याच मशीनवर तो लावून एलएसपीसीआयची ओळ वाचा आणि मगच पैसे द्या.